पिवळं पत्रक आणि कुंदामावशींचा तळहात

कुंदामावशी कुठल्याही यंत्राविषयी मत देण्याआधी त्याच्यावर तळहात ठेवायच्या. फ्रीज असो, मिक्सर असो, नाहीतर विद्यानगरच्या चौकात बंद पडलेली कुणा अनोळखी माणसाची रिक्षा असो. हात सपाट, डोळे मिटलेले, ओठ किंचित हलताहेत. तेवढा वेळ आजूबाजूच्या सगळ्यांनी गप्प बसायचं. मग हात उचलून पदराला पुसायच्या आणि निदान सांगायच्या. "माणूस काहीबी सांगतंय," त्या म्हणायच्या, "गरमी खरं सांगती."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हैदराबादेत, आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत. माझे बाबा मांडवाच्या दाराशी उभे राहून कर्कश ध्वनिक्षेपकाविरुद्ध पत्रकं वाटत होते. बाबा बँकेतले, संघटनेतले. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नसे, पण पत्रकांच्या गठ्ठ्यांना असे. मी चालायला शिकले ती गठ्ठे धरून आणि वाचायला शिकले ती त्यांच्यावरचे मथळे लावून. त्या दिवशी मीही शेजारी उभी राहून जोरजोरात पत्रक वाचत होते आणि ध्वनिक्षेपकापुढे माझं कुणालाच ऐकू जात नव्हतं. एक बुटक्या, चष्मेवाल्या बाई आल्या, पत्रक घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि सरळ मांडवामागे जाऊन त्या ध्वनिक्षेपकाच्या यंत्रावर हात ठेवला.

परत येऊन त्या बाबांना म्हणाल्या, "भाऊ, पत्रकं वाचवा तुमची. अर्ध्या तासात हा आपोआप गप होतोय."

आरती सुरू होण्याआधीच तो गप झाला. बाबांनी उरलेली पत्रकं पिशवीत भरली. लढा न देता जिंकल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

कुंदामावशी नल्लकुंट्याला एकट्या राहायच्या. विद्यानगरातल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. मूळच्या नांदेडकडच्या, पण जन्म इथलाच, निजामाच्या काळापासून त्यांचं घराणं हैदराबादेत. त्यामुळे त्यांच्या मराठीत मराठवाडा होता, हैदराबादी दखनी हिंदी होती आणि चिडल्या की तेलुगू. मुलींच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या तीस वर्षं सहायक होत्या. प्राध्यापक फळ्यावर लिहायचे आणि प्रयोग कुंदामावशी जुळवायच्या. निरोपसमारंभात भाषणं मात्र प्राध्यापकांची झाली. मला या गोष्टीचा अजून राग येतो. त्यांना कधीच आला नाही. "हौ, त्यांना बोलायला येतंय, त्यांनी बोलावं," एवढंच म्हणाल्या.

त्या तीस वर्षांचं सार त्या दोन शब्दांत सांगायच्या: मीटर खराब. "प्रयोग चुकला की दर पोरगी पळत येणार. मावशी, मीटर खराब आहे. तार उलटी जोडलेली, बॅटरी संपलेली, बटणच दाबलेलं नाही. पण दोष कुणाचा? मीटरचा. कारण काटा त्याचा हलत नसतोय ना. तीस वर्षांत मीटर खरंच खराब निघालं दोनदा."

निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, भिशी लावतात. कुंदामावशी ट्रक चालवायला लागल्या. म्हणजे संगणकावर. यादगिरी नावाच्या संगणकवाल्याच्या दुकानात आपल्या संगणकाचा पंखा दुरुस्त करायला गेल्या होत्या, तिथे पडद्यावर ट्रक चालवायचा खेळ पाहिला आणि तो घरी घेऊनच आल्या. आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेली ही बाई रोज दुपारी चार वाजता धुतलेली साडी नेसून, केसांत क्लिप खोचून, शेजारी चहाचा थर्मास ठेवून परदेशातल्या महामार्गावर अठरा चाकी ट्रक हाकायची. वळताना दिवा दाखवायच्या. लाल सिग्नलला थांबायच्या आणि थांबलं की एक घोट चहा प्यायच्या. हॉर्न कधीच वाजवायच्या नाहीत. "या देशात कुणी मध्ये येत नाही, वाजवायचा कशाला?"

त्यांचा संगणक साधा होता, पण चालायचा लोण्यासारखा. मी एकदा विचारलं, पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड एवढं साधं, तरी इतकं छान कसं चालतं. त्या संगणकावर थाप मारून म्हणाल्या, "माझ्या डब्यात सगळे एका वयाचे आहेत, पोरी. कुणी कुणाची वाट बघत बसत नाही."

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. ते लक्षात ठेवलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

आम्हा मैत्रिणींचा दर रविवारी दुपारी खेळायचा बेत असे. एक मोठं शहर, त्यात गल्ल्या, बाजार, गाड्या, शेकडो माणसं, आणि त्यातून पळत एकमेकींना शोधायचं. माझा संगणक बाबांच्या बँकेच्या कामाचा, जुना, त्यावर चित्र अडखळायचं. बाजाराच्या चौकात पोचले की शहरच थबकायचं आणि सुटायचं, थबकायचं आणि सुटायचं. तेवढ्यात मैत्रिणी मला पकडायच्या. दोन वर्षं शिकवण्या घेऊन मी एक दणकट ग्राफिक्स कार्ड विकत घेतलं. यादगिरीकडूनच. त्याचं दुकान नल्लकुंट्याच्या भाजीबाजारासमोर, एका शटरचं. हळू बोलणारा, मान खाली घालून हसणारा माणूस. कुंदामावशींना 'अम्मा' म्हणायचा आणि मला 'मुक्ताम्मा'.

कार्ड आणलं, बसवलं, खेळ लावला. शहर सुरेख दिसलं. बाजाराच्या चौकात आले आणि शहर थबकलं. अगदी पहिल्यासारखं.

आता पत्रकांच्या घरात वाढलेल्या मुलीने काय करावं? दुकानदाराला जाऊन विचारावं? मला तसं सुचलंसुद्धा नाही. जगात एक शोषित असतो आणि एक शोषक, आणि पैसे मी मोजले होते, म्हणजे शोषित मी. माझ्या डोक्यात सगळं चित्र एका झटक्यात तयार झालं: कुणाचं तरी वापरलेलं, झिजलेलं कार्ड नव्या डब्यात घालून विकलंय. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा होता: 'नव्या डब्यात जुना माल! ग्राहकांनो, जागे व्हा!' त्याखाली दुकानाचं नाव, त्याच्या पाटीवर आहे तसंच, ठळक इंग्रजी अक्षरांत. मग चार परिच्छेद आग.

बाबांनी ते चष्मा लावून वाचलं. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. दुसऱ्या परिच्छेदात मी 'कदाचित हे एकच प्रकरण नसेल' असं लिहिलं होतं, त्यातला 'कदाचित' खोडला. "पत्रकात कदाचित नसावं," ते म्हणाले. "कदाचितवर कोणी घराबाहेर पडत नाही."

पिवळ्या कागदावर साठ प्रती काढल्या आणि विद्यानगर-नल्लकुंट्यातल्या मराठी घरांत स्वतः जाऊन दिल्या. संध्याकाळी पाय दुखत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

आठवड्याने, सकाळी नऊच्या सुमाराला, कुंदामावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात माझं पत्रक, दुसऱ्या हातात पेचकस.

"काय करायलीस पोरी?"

"काही नाही, मावशी. या ना."

त्या आत आल्या, बाबांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि पत्रक सगळं मोठ्याने वाचलं. त्यांच्या सपाट, प्रयोगशाळेतल्या आवाजात ते वाक्यावाक्याला लहान होत गेलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मीटर खराब."

मी तावातावाने सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "हे मला कुठं मिळालं माहीत आहे? यादगिरीच्या दुकानात. काचेवर लावलंय त्यानं. चार बाजूंनी टेप मारून."

"काचेवर?"

"त्याला मराठी येतंय होय? मोठ्या अक्षरात स्वतःच्या दुकानाचं नाव दिसलं. कुणीतरी गिऱ्हाईक आणून देऊन गेलं, मुक्तानं लिहिलंय म्हणून, हसत. त्याला वाटलं, मुक्ताम्मानं जाहिरात लिहिली. मला म्हणतोय, अम्मा, देखो, हमारी मुक्ताम्मा मेरे वास्ते मराठी में लिखे. वर विचारतोय, ये हफ्ते तुमारे मराठी लोगां नै आ रै, सब गावां को गए क्या?"

 स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला.

"मी त्याला सांगितलं, पढ़ने को घर ले जाती मैं. एक दिलं त्यानं, त्याच्याकडे दोन होती. काचेवरचं अजून तिथंच आहे. आता तू काय करणार ते नंतर. आधी डबा उघड."

मला अजून वाटत होतं की मी बरोबर आहे. त्याने फसवलं असेल तर त्याने काचेवर काय लावलं याने काय बदलतं, असं मी म्हटलंही. कुंदामावशी म्हणाल्या, "बरोबर. फसवलं असेल तर मीपण पत्रक वाटीन तुझ्यासंगं. उघड."

त्यांनी संगणकाच्या बाजूचा पत्रा काढला. मला खेळ लावायला सांगितला आणि बाजाराच्या चौकात जाऊन उभं राहायला सांगितलं. शहर थबकू लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात एका सेकंदाला किती चित्रं येतात तो आकडा दिसत होता: अडतीस. मावशींनी डोळे मिटले आणि कार्डाच्या मागून जिथे हवा बाहेर पडते तिथे तळहात धरला.

"थंड," त्या म्हणाल्या. "झोपलंय हे." मग हात न लावता, प्रोसेसरवरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. तो जिवाच्या आकांताने घोंघावत होता. "हा बघ. हा एकटा मरायलाय."

"थंड आहे कारण ते खराब आहे," मी म्हटलं. माझा मलाच हा मुद्दा बिनतोड वाटला.

"हौ, असेल. मग बघू. समज कार्ड लंगडं आहे. लंगड्याच्या डोक्यावरचं ओझं कमी केलं तर तो जरा जोरात चालंल का नाही?"

"चालेल."

"चित्र लहान कर."

मी चित्राचा आकार कमी केला. शहर धूसर झालं, माणसांचे चेहरे चौकोनी झाले. आकडा: अडतीस. अजून कमी केला. आता तर दुकानांच्या पाट्याही वाचता येईनात. अडतीस.

"ओझं काढलं तरी चाल तीच," मावशी म्हणाल्या. "म्हणजे हळू चालायलाय तो दुसराच कोणीतरी. आता उलटं कर. जेवढं सुंदर करता येतं तेवढं कर. सगळं शेवटपर्यंत."

मी भीतभीत सगळी बटणं शेवटपर्यंत नेली. आणि आमच्या घरात, सकाळी साडेनऊ वाजता, ते शहर उजळलं. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे पट्टे पडले. फळांच्या गाडीवरच्या डाळिंबाला चमक आली. एका म्हाताऱ्याच्या शालीचा धागान्‌धागा दिसायला लागला. मी असं चित्र कधी पाहिलंच नव्हतं, कारण भीतीने मी सगळं कायम कमीच ठेवत आले होते. आकडा तिथेच होता. अडतीस.

"एवढं काढूनपण अजून पुरतं जागं झालं नाही," कुंदामावशी पुन्हा हात धरून म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "कार्ड हिरा आहे, पोरी."

"पण मग अडतं कुठे?" बाबांनी विचारलं. संघटनेच्या माणसाला दोषी लागतोच.

"त्या चौकात किती माणसं आहेत? दोनशे? त्यातला कोण कुठं चाललाय, कोण कुणाला धडकणार, कोणती गाडी कुठं वळणार, ते सगळं आधी प्रोसेसर ठरवतोय. ठरवून झालं की कार्डाला सांगतोय, आता काढ चित्र. कार्ड डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतंय आणि बसतंय वाट बघत, पुढचं सांगा म्हणून. आणि हा बिचारा भाऊंच्या नोकरीच्या काळातला."

बाबांना समजलं नव्हतं. मला अर्धवट समजलं होतं. स्वयंपाकघरातून आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "म्हणजे आपल्या गणपतीतल्या पुरणपोळ्या," ती म्हणाली. "तवा हॉटेलातला आणलेला, एका वेळी सहा पोळ्या मावतील असा. आणि लाटायला मी एकटी. सगळे ओरडत होते, तवा नीट तापत नाही, तवा बदला."

"आणि तवा रिकामा बसला होता," कुंदामावशी म्हणाल्या.

"रिकामा. आणि मला कुणी विचारलं नाही, तुला लाटायला कुणी जोडीला हवं का म्हणून." हे ती बाबांकडे बघून म्हणाली आणि आत गेली.

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. कुंदामावशींनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मग मानेमागून पाठीवर. "डोकं तापलंय, बाकी सगळं थंड," त्या म्हणाल्या. "तुझं आणि तुझ्या डब्याचं दुखणं एकच. कार्ड काढ. यादगिरीकडं जायचंय."

"मी नवं पत्रक लिहिते. खुलासा. तो लगेच—"

"लिही ना. पण आधी त्याला हे वाचून दाखव. तुझ्या तोंडानं, त्याच्या भाषेत."

विद्यानगर ते नल्लकुंटा दहा मिनिटांची वाट आहे. कापडी पिशवीत कार्ड घेऊन मी ती त्या दिवशी पाऊण तास चालले असेन, निदान मला तसं वाटलं. यादगिरीने आम्हाला पाहून स्टूल पुसलं. काचेवर माझं पिवळं पत्रक उन्हात झळकत होतं. "मुक्ताम्मा, बहुत अच्छा करे," तो म्हणाला. "क्या लिखे बोलके मेरे को पढ़ के बताओ ना."

मी वाचलं. एकेक वाक्य मराठीत वाचायचं आणि दखनीत सांगायचं. 'फसवणूक' आली, 'लुबाडणूक' आली, 'अशा प्रवृत्तींना ठेचलं पाहिजे' आलं. मला कुंदामावशींनी मध्येच थांबवावं असं वाटत होतं. त्या समोरच्या भाजीवाल्याच्या वजनकाट्याकडे बघत बसल्या होत्या. मी शेवटपर्यंत वाचलं.

यादगिरी पुढे आला. माझ्या हातातली पिशवी घेतली, कार्ड काढलं, फुंकर मारून स्वच्छ केलं आणि दुकानातल्या त्याच्या कामाच्या यंत्रात बसवलं. तोच खेळ लावला, तोच बाजार. दोनशे माणसं पाण्यासारखी वाहायला लागली. कोपऱ्यातला आकडा शंभराच्या पुढे गेला. मावशींनी मागे हात धरला आणि समाधानाने मान हलवली. आता ते गरम होतं.

"मैं पूछा था," यादगिरी पडद्याकडे बघत हळूच म्हणाला. "दो बार पूछा, मुक्ताम्मा. अंदर प्रोसेसर कब का है बोलके."

विचारलं होतं. मला लख्ख आठवलं. आणि मी म्हणाले होते, कार्ड दो, लेक्चर नक्को. दुकानदार प्रश्न विचारतो तो आणखी काहीतरी गळ्यात मारायलाच, हे मी घरातून शिकून आले होते. चार परिच्छेदांत मी हा प्रश्न कुठेही लिहिला नव्हता.

त्याने काचेकडे पाहिलं. "तो इसलिए नै आ रै थे लोगां," तो म्हणाला. मी नखाने टेप उचकटायला लागले. पत्रक निघालं, टेपचे चार डाग राहिले. मी माफी मागितली. त्यावर तो जे बोलला ते ऐकून मला कळलं की मान खाली घालून हसणाऱ्या माणसालाही कणा असतो. "माफी का बाद में देखेंगे. पहले लोगां को बोलो."

दुसरं पत्रक लिहायला मला तीन दिवस लागले. पहिला मसुदा कुंदामावशींनी वाचला आणि परत केला. "यात पण आगच आहे. आधी त्याला जाळलंस, आता स्वतःला जाळायलीस. लोकांना उजेड पाहिजे."

"मग कसं लिहू?"

"प्रयोगवहीत निष्कर्ष कुठं लिहितात?"

"शेवटी."

"आणि तुम्ही बाप-लेक कुठं लिहिता? मथळ्यात."

म्हणून दुसरं पत्रक प्रयोगवहीसारखं लिहिलं गेलं. उद्देश: माझा खेळ का अडतो ते शोधणे. साहित्य: एक नवे कार्ड, एक जुना प्रोसेसर, एक तळहात. कृती, निरीक्षण, आणि सगळ्यात खाली निष्कर्ष: कार्ड उत्तम आहे, दुकानदाराने मला योग्य प्रश्न दोनदा विचारला होता, चूक माझी. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. तेलुगू कुंदामावशींनी यादगिरीसमोर बसून लिहून घेतलं, म्हणजे त्याच्या नावावर पुन्हा त्याला न कळणारं काही छापलं जाऊ नये. शेवटी मी एक ओळ हट्टाने घातली: डब्यावर कार्डाची ताकद एवढ्या मोठ्या अक्षरांत छापणारे त्याच्या जोडीला काय लागेल ते मात्र मुद्दाम छापत नाहीत. मावशींनी ती ठेवली. "हे खरं आहे," म्हणाल्या. "फक्त 'मुद्दाम'च्या आधी 'कदाचित' लिही. मुद्दाम का, ते आपल्याला ठाऊक नाही." बाबांना तो शब्द छापलेला बघून फार त्रास झाला.

साठ घरं पुन्हा. या वेळी नियम असा की नवं द्यायचं आणि जुनं परत मागायचं. एका घरी माझं पत्रक फडताळात अंथरलं होतं, त्यावरचे डबे मलाच उतरवावे लागले. एका घरी त्यात बांधलेला चिवडा आधी मला खायला लावला, मग कागद दिला. एक काकू म्हणाल्या, "अगं, पहिलं मी वाचलंच नव्हतं, आता दोन्ही ठेवून जा, काय झालं ते तरी कळेल." माझी साठ घरांत इतकी चेष्टा झाली की शेवटच्या गल्लीत मीच हसायला लागले होते. दुसऱ्या आठवड्यात यादगिरीच्या दुकानात मराठी गिऱ्हाइकं परतली. एक आजोबा तर त्याला भरपाई म्हणून मिक्सर दुरुस्तीला देऊन गेले. तो मिक्सर दुरुस्त करत नव्हता, तरी त्याने करून दिला. कुंदामावशींना बोलावून.

मी माफीचं पुन्हा विचारलं. त्याने दुसरं पत्रक काचेवर, बरोबर जुन्या टेपच्या डागांवर लावलं, मागे सरून पाहिलं आणि म्हणाला, "हौ, हो गया. पन एक बात बोलूं? पैलावाला सुने तो खून गरम होता था. ये तो इस्कूल की कापी है."

कुंदामावशी इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

नवा प्रोसेसर घ्यायला मला आणखी वर्ष लागलं, कारण त्याच्याबरोबर मदरबोर्ड आणि मेमरीही बदलायची होती. तोवर मावशींनी मला माझ्या डब्याशी जुळवून घ्यायला शिकवलं. खेळात रस्त्यावरची गर्दी कमी करायची सोय होती. गर्दी प्रोसेसरच्या वाट्याची, म्हणून ती कमी. झाडं, पाणी, उजेड कार्डाच्या वाट्याचे, म्हणून ते भरपूर. त्या वर्षभर मी अशा शहरात खेळले जिथे माणसं तुरळक होती आणि संध्याकाळची उन्हं अप्रतिम. मैत्रिणी म्हणायच्या, तू मागे का राहतेस? मी झाडं बघत असायचे.

पत्रकं मी लिहीतच राहिले. पण लिहिण्याआधी मावशींचा एकच प्रश्न असायचा: "ओझं काढून बघितलंस?" एकदा आमच्या गल्लीत पंधरा दिवस पाणी येईना. वॉल्व उघडणारा माणूस पैसे घेऊन पलीकडच्या गल्लीला पाणी सोडतो, अशी सगळ्यांची खात्री होती आणि माझा मथळा तयार होता. मावशींनी प्रश्न विचारला. तो माणूस सुट्टीवर असताना दुसऱ्याने वॉल्व उघडला, त्या दिवशी मी नळापाशी उभी राहिले. पाणी आलं नाही. मग आम्ही तीस जण वॉल्ववाल्यालाच बरोबर घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलो आणि रस्त्याखालची पाइपलाइन खोदायला लावली. आत झाडाची मुळं गेली होती. त्या दिवशीचं माझं पत्रक आजवरचं सगळ्यात जहाल आहे आणि त्यातला एक शब्दही मला मागे घ्यावा लागलेला नाही.

मागच्या वर्षी कुंदामावशी नांदेडला गेल्या. धाकट्या बहिणीची दृष्टी कमी होत चालली होती, तिला सोबत हवी होती. सिकंदराबाद स्टेशनवर सामान दोन बॅगा आणि संगणक. बॅगा यादगिरीने आत ठेवल्या. संगणक त्यांनी चादरीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि खिडकीशी बसल्या.

"बहिणीला काय सांगणार? दिवसभर ट्रक चालवता म्हणून?" मी विचारलं.

"तिला शेजारी बसवणार. मी चालवीन, तिला सांगत जाईन काय दिसायलंय ते. डोंगर आला, पूल आला. तिला ते सगळं आवडतंय." मग यादगिरीकडे वळून, "अरे, पंखे का आवाज आ रा था, देखे क्या?"

"देख्यूं अम्मा. नया डाल्यूं."

गाडी सुटायला दोन मिनिटं होती. मी खिडकीबाहेर उभी होते, डोळे भरत होते आणि बोलायला काही सुचत नव्हतं. मी, जिला चार परिच्छेद कधी कमी पडले नाहीत. कुंदामावशींनी गजांतून हात बाहेर काढला. आधी माझ्या कपाळावर ठेवला. मग खुणेने मला वळायला सांगितलं आणि तळहात सपाट माझ्या पाठीवर टेकवला. त्यांचे डोळे मिटले असणार, मला दिसत नव्हते. फलाटावर एवढा गलका, तरी मी आणि यादगिरी सवयीने गप्प उभे राहिलो.

"डोकं गार आहे," त्या म्हणाल्या. "पाठ गरम आहे. चालू दे."

गाडी हलली तेव्हा त्यांनी हात आत घेतला आणि पदराला पुसला.